आधी नाणं घासणं थांबवा: डिटेक्टरवाल्यांनी टाळायच्या चुका

इंग्लंडमध्ये सफोकच्या शेतांतून मी गेली अकरा वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन फिरतोय. ऑगस्टात गव्हाची कापणी झाली की नांगर फिरेपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, ते माझे सणाचे दिवस. दरवर्षी याच सुमाराला आपल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी नवं यंत्र घेतं, चार व्हिडिओ बघतं आणि तिसऱ्या रविवारी मला फोन लावतं, "काहीच सापडत नाही हो." किंवा त्याहून वाईट, "सापडलं, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मला आता पाठ झालंय. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

घासणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती माझ्या घरात घडलेली आहे.

दुसऱ्या वर्षी मला एक रोमन नाणं मिळालं. कांस्याचं, अंगठ्याच्या नखाएवढं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला लांडगी, तिला लुचणारी दोन पोरं आणि वर दोन तारे. कॉन्स्टंटाइनच्या काळात, इसवी सन 330 पासून पाडलेली ही नाणी. इथे ती दुर्मीळ नाहीत, पण माझं ते पहिलं. रंग काळपट हिरवा, पृष्ठभाग अगदी तुळतुळीत. बशीत घालून ओट्यावर ठेवलं आणि मी आंघोळीला गेलो. आई तेव्हा कराडहून आली होती. बाहेर आलो तर पदराला हात पुसत म्हणाली, "किती कळकट ठेवलं होतंस रे! देवाच्या ताम्हणाबरोबर चिंच-मीठ लावून घासलं. बघ कसं लख्ख झालं."

लख्ख झालंच होतं. गुलाबी चकती. लांडगी गेली, पोरं गेली, देवीच्या नाकाच्या जागी बारीक खड्डे. फोटोसुद्धा काढलेला नव्हता. आईला काय बोलणार? ताम्हण खरंच सुंदर निघालं होतं.

झालं असं, की इतकी शतकं मातीत पडलेल्या कांस्याच्या नाण्याचा वरचा थर धातूचा राहिलेलाच नसतो. त्याचा गंज झालेला असतो, आणि चेहरा, अक्षरं त्या गंजाच्या थरातच टिकून असतात. आम्ल नेमका तोच थर खातं. चिंच असो, लिंबू असो, व्हिनेगर असो नाहीतर कोला, सगळे एकाच माळेचे मणी. "मी हलकंच करतो" म्हणणाऱ्यांनी आधी खिशातलं चालू नाणं घासून बघावं आणि तिथेच थांबावं.

चांदीची तऱ्हा वेगळी. ती शेतातच मारली जाते. नाणं हातात आलं की अंगठ्यानं चोळायचा मोह प्रत्येकाला होतो. मातीत वाळूचे कण असतात आणि चांदी मऊ. एकदा चोळलं की राजाच्या गालावर ओरखडे. त्यात जुनी पेनी, म्हणजे इथलं चांदीचं छोटं नाणं, हातानं ठोकून पाडलेली, इतकी पातळ की नीट धरली नाही तर वाकते.

माझी पद्धत म्हणाल तर होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या. नाणं मातीसकट डबीत, डबी शर्टाच्या खिशात. घरी आल्यावर आधी फोटो. चांदी असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवतो, माती आपोआप सुटते. कांस्य असेल तर नुसतं वाळू देतो, मग भिंगाखाली दात कोरायच्या लाकडी काडीनं सुटी माती काढतो. चेहरा ओळखू आला की काडी खाली. एवढा दम नसेल त्यानं पोस्टाची तिकिटं जमवावीत.

पळत सुटणं, आणि यंत्राचं तोंड बांधणं

कॉइल, म्हणजे यंत्राच्या दांड्याच्या खालच्या टोकाची चकती, कशी फिरवायची हे मी नवख्यांना एकाच उपमेनं सांगतो: जमीन सारवल्यासारखी. प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडा चढला पाहिजे आणि हात जमिनीवरून उठता कामा नये. प्रत्यक्षात काय दिसतं? झोपाळा. दोन्ही टोकांना कॉइल वीतभर वर जाते. नाण्याएवढी वस्तू चांगलं यंत्रही साधारण पंधरा-वीस सेंटीमीटरपर्यंतच पकडतं. त्यातले दहा तुम्ही हवेत घालवलेत, तर उरलं काय?

दुसरं म्हणजे डिस्क्रिमिनेशन, म्हणजे ठरावीक धातूंचे आवाज बंद करायची सोय. नवखा माणूस लोखंड बंद करतो, मग चांदीचा कागद बंद करतो, मग कॅनच्या कड्या बंद करतो आणि शांतपणे शेत पालथं घालतो. शांतता कसली, बहिरेपण ते! मध्ययुगात सुट्ट्या पैशांसाठी पेनी कापून तिचे अर्धे आणि पाव तुकडे वापरत. ते पातळ पाव तुकडे यंत्राला चांदीच्या कागदासारखेच 'ऐकू' येतात. कागद बंद केलात तर तेही बंद. मी फक्त लोखंड दाबतो, तेही अर्धवट. कचरा खूप निघतो, हे मान्य. माझ्या पिशवीत दर नाण्यामागे निदान पन्नास कड्या, काडतुसांची पितळी बुडं आणि शिशाचे गोळे असतात. ते वेचायचा कंटाळा असेल तर हा छंद आपला नाही.

कुरणात खड्डे

एका शेतमालकाची परवानगी मिळवायला मला दोन वर्षं लागली होती. नाताळात चिवड्याचा डबा, वसंतात मेंढ्या व्यायच्या वेळी हाताखाली मदत, असं करत करत. तिथे मी मंडळातल्या एका तरुणाला घेऊन गेलो. पोरगा हुशार, यंत्र माझ्यापेक्षा महाग. तासाभरात त्यानं कुरणात अकरा खड्डे केले. चारी बाजूंनी गवत कापून ढेकूळ बाजूला भिरकावायचं, माती गवतावर उपसायची, आणि शेवटी बुटानं जमेल तेवढी आत ढकलायची. मी दुसऱ्या टोकाला होतो, कानांवर हेडफोन. पंधरवड्यानं मालकाचा फोन आला. अकरा वाळके चट्टे, आणि एका खड्ड्यात मेंढीचा पाय अडकला होता. माणूस ओरडला नाही. "दॅट्स इट, आय्'म अफ्रेड," एवढंच म्हणाला. ते कुरण मी परत पाहिलं नाही.

गवत तीन बाजूंनीच कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या. माती फडक्यावर काढा. मी जुनं पंचाचं फडकं नेतो. काम झालं की फडकं उचलून सगळी माती परत आत, वर गवताची झापड, त्यावर पाय. कडक उन्हाळ्यात कुरणाला हातच लावू नका, उचललेलं गवत जगत नाही.

बारीकसारीक

मोबाइल कॉइलजवळ धरू नका, यंत्र उगाच किणकिणतं. जागा बदलली की ग्राउंड बॅलन्स, म्हणजे तिथल्या मातीप्रमाणे यंत्राची जुळवणी, पुन्हा करा. नाणं नेमकं कुठे मिळालं ते लगेच टिपून ठेवा, "त्या झाडाजवळ" हे काही ठिकाण नव्हे. समुद्रकिनाऱ्यालाही मालक असतो. आणि गावाकडून "इकडे गडावर फिरवू का यंत्र?" असं विचारणाऱ्या भाच्या-पुतण्यांना: नाही. भारतात 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित गडावर खोदणं हा वेगळा गुन्हा.

खड्डा पुन्हा न तपासणं

नाणं मिळालं की माणूस नाचायला लागतो आणि खड्डा बुजवतो. बुजवण्याआधी एकदा कॉइल फिरवा. चार वर्षांपूर्वी पहिल्या एडवर्ड राजाची पेनी मिळाली तेव्हा मी फिरवली, आणि खाली दुसरी होती. इथल्या कायद्यानं 300 वर्षांहून जुनी सोन्याची वा चांदीची दोन नाणी एकत्र मिळाली की ती 'ट्रेझर', आणि चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. मुंबईत पूर्वी संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर असे, तोच हुद्दा. इथे धनही त्याच्याकडेच.

अशा वेळी हात थांबवायचा. 1992 मध्ये इथल्याच हॉक्सनला एरिक लॉज नावाचा माणूस शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला गेला आणि सोनं-चांदी वर यायला लागली. त्यानं खोदणं थांबवून कळवलं. पुरातत्त्वाच्या लोकांनी उरलेला ठेवा सावकाश उचलला, म्हणून पेटीत काय कुठे ठेवलं होतं तेसुद्धा कळलं. नाणी निघाली जवळपास पंधरा हजार. हातोडीही सापडली, तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

माझ्या खड्ड्यात दोनच होती. काउंटीच्या फाइंड्स ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन केला, कागद भरले, आणि सव्वा वर्षानं दोन्ही नाणी परत आली. म्युझियमला नको होती. शेतमालकानं दोन्ही हातात घेऊन बघितली, एक स्वतः ठेवलं, एक मला दिलं. चांगलं होतं ते त्यानं ठेवलं.