दातांनी ओढलेला पट्टा

अपंग माणसांसाठी व्यायामाची साधनं बनवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी पकडीबद्दल सांगतो, कारण माझी फजिती तिथेच झाली.

हाताने फिरवायच्या व्यायामयंत्रासाठी मी एक हातमोजा केला होता. बोटं मिटत नसली तरी तळवा मुठीला बांधून ठेवणारा, मऊ, छान शिवलेला. चाचणीला आलेल्या गृहस्थांच्या मज्जारज्जूला मानेपाशी इजा झालेली. उजव्या हातात मोजा कसाबसा चढला, पट्टा ओढायला डावा हात पुढे आला, तर तोही तसाच. मग त्यांनी मान खाली घातली, पट्ट्याचं टोक दातांत धरून ओढलं, वेल्क्रो चिकटवला आणि म्हणाले, "होतंय की! फक्त चव बदला." पुढच्या खेपेला टोकाला अंगठा आत जाईल एवढा कापडी लूप शिवला. माझी सगळी महिन्याची हुशारी तोवर मऊ अस्तरावर खर्च झाली होती. मोजा एकट्याने चढवता येतो का आणि (हे जास्त महत्त्वाचं) एकट्याने काढता येतो का, हे मी विचारलंच नव्हतं.

त्याच मोज्यात दुसरी चूक होती. मानेतली इजा सहाव्या पातळीची (मज्जारज्जूचे मानेतले भाग वरून खाली मोजतात) असेल, तर मनगट मागे वळवलं की बोटं आपोआप थोडी मिटतात. फिजिओथेरपिस्ट याला टेनोडेसिस पकड म्हणतात. आधार म्हणून मी मनगट करकचून बांधलं होतं, म्हणजे होती नव्हती ती पकडही घालवली.

यंत्राच्या पडद्याचंही तसंच. '२२० वजा वय' हा हृदयाच्या कमाल ठोक्यांचा हिशेब मानेत पूर्ण इजा असलेल्यांना लागू पडत नाही. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या चेतांचा मेंदूशी संबंध तुटलेला असतो, त्यामुळे माणूस घामाघूम झाल्याइतका दमला तरी ठोके बहुधा १३०च्या आतच राहतात. घामाघूम म्हटलं खरं, पण इजेखालच्या भागात घामही नीट येत नाही, म्हणून पंखा आधी, पडदा नंतर. दमणूक मोजायला ६ ते २० आकड्यांची बोर्ग श्रेणी वापरा. किती दमलात, हे ती माणसालाच विचारते.

आणि हा फावल्या वेळचा व्यायाम आहे, उपचार नव्हे. दवाखान्यातल्यासारखा करडा रंग दिलात की लोक यंत्राकडे फिरकत नाहीत. अंध खेळाडूंच्या गोलबॉलमध्ये मैदानाच्या रेषांवरच्या चिकटपट्टीखाली दोरी घालतात. रेषा हाता-पायाला कळते आणि खेळाची रंगतही टिकते. मला हे फार आवडतं. खर्च जवळजवळ शून्य.

व्हीलचेअरमध्ये तासभर बसून 'अनुभव' घेऊ नका. तुम्हाला उठून जाता येतं. त्यापेक्षा चाचणीला येणाऱ्यांना मानधन द्या, पहिल्या कागदी आराखड्यापासून बोलवा, आणि दोन तास लागतील वाटलं तर चार धरा. खुर्चीतून यंत्रावर सरकायलाच पहिला पाऊण तास जातो. तोच नीट बघा, वहीतल्या निम्म्या नोंदी तिथल्याच असतात.