घरचा रोजमेळ

पतसंस्थेच्या खिडकीमागे मी कॅशियर म्हणून नोकरी केली. तिथे एक नियम कधी मोडला नाही: संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड यांत पाच रुपयांचा फरक असला तरी सगळ्या स्लिपा पुन्हा काढायच्या. निवृत्त झाल्यावर तोच नियम मी सांगलीतल्या घराला लावला. "काकू, पगार कुठे जातो कळतच नाही" म्हणत येणाऱ्या भाच्या-सुनांनाही मी हेच शिकवते. खर्च ताब्यात येतो आणि डोकं गंजत नाही, अशी दोन्ही कामं एका बैठकीत होतात.

सुरुवातीला साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधलं अॅप नको, कारण ते बेरीज आपोआप करतं, आणि आपोआप झालेल्या बेरजेकडे कुणी ढुंकून बघत नाही. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे, म्हणजे खर्च. सकाळी पर्समध्ये जे आहे ती आरंभीची शिल्लक. तिच्यात दिवसाची जमा मिळवायची, खर्च वजा करायचा, उरेल ती अखेरची शिल्लक. समजा सकाळी १,३४० होते, एटीएममधून ५०० काढले, दिवसभरात ६१२ खर्च लिहिलात. पर्समध्ये १,२२८ हवेत. मोजले तर १,१९८ निघाले. तीस रुपये कुठे गेले?

खरा व्यायाम इथून सुरू होतो. लगेच सोडून द्यायचं नाही. डोळे मिटून दिवस पहिल्यापासून चालवायचा: घरातून निघाले, रिक्षा, बँक, मग मंडई, मग मेडिकल. मंडईच्या तोंडाशी कोथिंबिरीची जुडी घेतली होती, ती लिहायची राहिली. सापडलं की जे समाधान होतं ते शब्दकोडं सुटल्यावरही होत नाही. नाहीच सापडलं तर लाल पेनाने "फरक ३०" लिहा आणि झोपा. पण ते तीस रुपये भाजीत मिळवून हिशोब जुळवायचा नाही. आमच्याकडे असं करणाऱ्याला साहेब सगळ्यांसमोर उभं करायचे.

दुसरी सक्त मनाई "किरकोळ" या शब्दाला. घरातल्या जुन्या वह्या काढून बघा, महिन्याअखेरीला सगळ्यात फुगलेला रकाना किरकोळचाच असतो. चहा असेल तर चहा लिहा, रिचार्ज असेल तर रिचार्ज.

यूपीआयमुळे ही वही जास्तच गरजेची झाली आहे. लोक म्हणतात, मोबाइलमध्ये सगळी नोंद असतेच की. असते, पण कशी? क्यूआर कोड ज्याच्या नावाचा त्याचं नाव दिसतं. वडापाव खाल्लात की चार्जरची वायर घेतलीत हे पंधरा दिवसांनी त्या नावावरून सांगता येत नाही. म्हणून रात्री ती यादी उघडून समोर दिसणारं प्रत्येक नाव वस्तूच्या नावाने वहीत उतरवा. रोख आणि खातं यांचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर मेळ कधीच बसणार नाही.

आता तोंडी हिशोबाकडे. माझा आग्रह एवढाच की दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरआधी तुमचा आकडा तयार हवा. आमच्या आधीच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पावापासून साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया होता. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि हळूहळू हे पाढे मागे पडले. पण मंडईत पाव आणि पाऊण आजही चालतातच. भाजीवाली "वीसला पाव" म्हणते, कारण "ऐंशी रुपये किलो" ऐकलं की गिऱ्हाईक पुढे सरकतं. म्हणून पहिली सवय, पावाचा भाव कानावर पडताच मनात चौपट करायची. मग पाऊण किलो गवारीचे साठ, हे पाऊणकी येत असेल तर आपसूक ओठांवर येतं. कांदा छत्तीस रुपये किलो, दीड किलो घेतला तर चोपन्न, अडीच किलोचे नव्वद. रोज अंघोळीच्या वेळी एक पाढा मोठ्याने म्हणा. एकोणतीसच्या पाढ्यात अडखळलात तर लाजू नका; तिसाचा म्हणून पहिल्यातून एक, दुसऱ्यातून दोन, तिसऱ्यातून तीन असे वजा करत जा.

टक्क्यांना घाबरण्याचं कारण नाही. दहा टक्के म्हणजे एक शून्य कमी, पाच म्हणजे त्याचं निम्मं. हॉटेलात ८४० चं बिल आणि पाच टक्के जीएसटी म्हणजे बेचाळीस, वेटर कागद आणेपर्यंत होतो हिशोब. अठरा टक्के काढायचे तर वीस काढा आणि त्याचा दहावा भाग वजा करा: ६५० चे वीस टक्के १३०, त्यातून १३ गेले, राहिले ११७. आणि सेलच्या पाटीवर "५० अधिक २० टक्के सूट" दिसली तर ती सत्तर टक्के नव्हे. हजाराचे पाचशे झाले, पाचशेतून वीस टक्के गेले, चारशे भरायचे. सूट साठ टक्केच.

मॉलमध्ये मोठं पाकीट स्वस्त असतं या समजुतीवर बऱ्याच कंपन्या जगतात. पाकिटावर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तो वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर भागाकार करा: २०० ग्रॅम ९० ला, तर ५०० ग्रॅम २२५ च्या खालीच मिळायला हवं.

कर्जाचं मात्र थोडं सावकाश सांगते, कारण खिडकीत बसून मी माणसं इथेच फसताना पाहिली. कुणी "दहा टक्के फ्लॅट" म्हणालं की कान टवकारा. बारा हजार घेतले, वर्षाचं व्याज बाराशे, महिना हप्ता अकराशे. ऐकायला दहा टक्के, पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर पूर्ण वर्षाचं धरलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर जवळजवळ अठरा टक्के पडतो. त्यामुळे बँकेत विचारायचा प्रश्न एकच: "साहेब, फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" बिनव्याजी हप्त्यांतही प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी बहुतेकदा आपल्याच माथी येतो, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट सुटते ती वेगळीच.

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के लावले तर वर्षाचे किती? औटकीत बारावर बेचाळीस येतात. आता ७२ चा नियम लावा: ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. सहा टक्क्यांची ठेव बारा वर्षांनी दुप्पट होते. महिना साडेतीन टक्क्यांची थकबाकी साधारण वीस-एकवीस महिन्यांत. मी हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवते, मग कार्डाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची यादी वहीच्या पहिल्या पानावर करा: घरपट्टी, गाडीचा विमा, जूनमधली वह्या-पुस्तकं आणि गणवेश, गणपती, दिवाळी. बेरीज छत्तीस हजार आली तर महिना तीन हजारांची आवर्ती ठेव, पगार होईल त्याच दिवशी. शेवटच्या पानावर दुसरी यादी, "घ्यायचं आहे" अशी. मनात भरलेली वस्तू तारीख आणि किंमत टाकून तिथे लिहा आणि पुढच्या एक तारखेपर्यंत थांबा. तेव्हाही हवीशी वाटली तर खुशाल घ्या, मी कंजूषपणाची शिकवणी घेत नाही.

विजेचं मीटर महिन्याच्या मध्यावर एकदा वाचा. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटनंतर पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांतच साठ-पासष्ट झाले असतील तर गीझरकडे बघा. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट.

याने म्हातारपणी विसरभोळेपणा येत नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. काल कुठे काय घेतलं हे मला आठवतं, एवढं खरं.

आणि वही भांडणाला काढू नका. नवरा-बायकोने दर महिना थोडी ठरावीक रक्कम बिनहिशोबी ठेवावी, वहीत फक्त "ह्यांना दिले, मला घेतले" एवढंच. त्यातून आमचे हे पानपट्टीवर किती घालवतात ते मी विचारत नाही, आणि भिशीच्या दिवशी आम्ही बायका कुठे काय खातो ते ह्यांना ठाऊक नाही.