जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये आजी-नातवंडांसह जाताना

बॉम जीझस बॅसिलिका निवांत बघायची असेल तर रविवारची सकाळ टाळा. जुन्या गोव्यातली चर्चं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेषही इथेच आहेत, म्हणून पर्यटकांची रीघ असते. पण ही नांदती प्रार्थनास्थळं आहेत. ३ डिसेंबरला झेवियर यांचा सण असतो आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या खास प्रार्थना. तेव्हा तर गर्दी विचारूच नका.

चपला दारात काढायच्या नसतात. पुरुषांनी टोपी काढायची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे बीचवरून परस्पर येणार असाल तर गाडीत एखादी ओढणी असू द्या.

आपल्या घरची मंडळी हमखास गोंधळतात ती दोन ठिकाणी. दाराजवळच्या भांड्यातलं पाणी तीर्थासारखं प्यायचं नसतं. भाविक त्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात. दुसरं म्हणजे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असताना लोक रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती घेतात. प्रसाद समजून आजी भक्तिभावाने रांगेत उभी राहते, पण ती चकती फक्त कॅथलिकांसाठी असते. बाकावर बसून राहिलं तर कोणी काही म्हणत नाही. हे आजीला आधीच सांगा, रांगेतून परत बोलावणं फार अवघड जातं!

बाकांखालच्या लाकडी फळ्या गुडघे टेकण्यासाठी असतात. मुलांना त्यांवर पाय ठेवू देऊ नका.