शपथ मोडणारी राणी कशी लिहावी

मी साताऱ्यात दस्त लिहिते. खरेदीखत, इसार पावती, वाटणीपत्र, मृत्युपत्र. बावीस वर्षं झाली. रात्री जेवणं उरकली की एपिक फँटसी लिहायला बसते. दोन कादंबऱ्या झाल्यात, दोन्ही कपाटात आहेत. पहिली तिथंच राहणार.

त्या पहिलीत दोन राजे होते. एक वचनाला जागणारा, दुसरा कपटी. जागणारा चारशे पानं फसत राहतो आणि शेवटी जिंकतो. भाच्यानं वाचली आणि म्हणाला, "आत्या, हा चांगला राजा चांगला नाहीये गं, बावळट आहे. आणि तो दुसरा एकदा फसवून गेल्यावरही सगळे त्याच्याशी पुन्हा तह का करतात?" मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं, म्हणून हे लिहितेय.

पात्रं, नकाशा, ड्रॅगन सगळं बाजूला ठेवा आणि आधी एक पान लिहा: तुमच्या जगात शब्दाला भाव किती? वचन मोडणाऱ्याला कोण काय नाकारतं? सावकार कर्ज देत नाही, की शेजारचा राजा मुलगी देत नाही, की पुजारी देवळाचं दार लावून घेतो? माझ्या टेबलावर इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेऊन शब्दाला फिरलेला माणूस पुन्हा आला की समोरची पार्टी दोनाऐवजी चार साक्षीदार आणते आणि पैसे शेवटच्या सहीपर्यंत खिशात ठेवते. तेवढाच भाव, पण असतो. ज्या राज्यात सगळेच लबाड आहेत तिथं कपट चालतच नाही, कारण कुणी कुणावर विश्वास टाकलेलाच नसतो. नवीन लिहिणाऱ्यांचे कपटी राजे इथंच कोसळतात.

आपल्याकडे कौटिल्य म्हणजे कारस्थानांचा बाप अशी समजूत आहे. पण 'अर्थशास्त्रा'त सातव्या अधिकरणात तो जुन्या आचार्यांचं मत खोडतो. ते म्हणतात, नुसत्या शपथेवर केलेला संधी, म्हणजे तह, कच्चा, जामीन किंवा ओलीस घेऊन केलेला पक्का. हा म्हणतो, उलट आहे. शपथ इहलोकी आणि परलोकी दोन्हीकडे बांधते. जामीन आणि ओलीस फक्त इथंच, आणि तेही अंगात बळ असेल तोवर. हे वाचल्यावर मी माझ्या कपटी राजाला सगळ्यात जास्त देवभोळा केला. एकदम जिवंत झाला तो.

'नरो वा कुंजरो वा' आपण म्हणीसारखं वापरून बोथट केलंय, पण कारागिरी म्हणून पुन्हा बघा. अश्वत्थामा मेला असं भीम आधी ओरडतो. द्रोण विश्वास ठेवत नाहीत. ते धर्मराजाला विचारतात, कारण तो खोटं बोलणार नाही. म्हणजे ही थाप भीमाला परवडत नव्हती, फक्त युधिष्ठिराला परवडत होती. आयुष्यभर साठवलेली पुंजी एका वाक्यात खर्च झाली आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. तुमच्या सत्यवचनी राजाकडे ही पुंजी असते. ती तो कशावर खर्च करेल, हे ठरवा. कशावरच नाही असं उत्तर आलं तर भाचा बावळट म्हणणारच.

माझ्या गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो, त्यामुळे ताराराणींचा विषय टाळता येत नाही. सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेली बाई. १७०७ मध्ये शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा हा तोतया आहे असं ताराराणींनी जाहीर केलं आणि सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली, असं सांगतात. तरी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले. धनाजींनी शपथ मोडली का? माणूस खरा आहे अशी खात्री पटल्यावर तोतयाविरुद्ध घेतलेली शपथ उरतेच कुठं? असा सरदार लिहिता आला पाहिजे. तो रात्रभर जागतो, आणि सकाळी स्वतःच्या नजरेत बेइमान नसतो.

पण मला जास्त छळतं ते पुढचं. रामराजे आपला लपवून ठेवलेला नातू आहे असं ताराराणींनी सांगितलं. त्या शब्दावर शाहूंच्या मागे रामराजांना गादी मिळाली. नातू ऐकेना, तर नोव्हेंबर १७५० मध्ये त्याला याच किल्ल्यावर कैद केलं, आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली की हा आपला नातू नाही. रामराजे १७७७ पर्यंत नावाला छत्रपती राहिले, कारभार पुण्याला पेशव्यांकडे गेला. एका बाजूनं शब्द दिला, मग त्याच शब्दाच्या उलट शपथ घेतली, आणि फायदा तिसऱ्याचा झाला. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली राणी कालिंदी इथून आली. तिला खलनायिका केलं नाही. वयाच्या पंचाहत्तरीला सत्ता हातातून निसटताना बघणारी बाई केली. लोकांना तीच आवडते, म्हणजे ज्या तिघांनी वाचलीय त्यांना.

आता जादू. वचन मोडलं की जागेवर मरण, असा नियम ठेवलात तर कपट संपत नाही, ते शब्दात शिरतं. इथं माझा धंदा कामाला आला. दस्तात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुक गट नंबर, पश्चिमेस रस्ता. एका जुन्या खतात 'पूर्वेस ओढा' एवढंच होतं. पुरात ओढा सरकला आणि दोन घरांत तीन पिढ्या बोलणं नाही. मी कालिंदीला शपथ घ्यायला लावली, 'माझं सैन्य नदीच्या पलीकडे पाऊल टाकणार नाही.' मग दोन पावसाळे तिनं नदीचं पात्र वळवायला चर खणले. शपथ शाबूत, मुलूख तिचा.

असा प्रसंग लिहिताना शपथेचं वाक्य पहिल्या शंभर पानांत जसंच्या तसं येऊ द्या, आणि वाचकाचं लक्ष दुसरीकडे असताना येऊ द्या. मी ते लग्नाच्या जेवणात टाकलं, वाढपी आमटी सांडतो त्याच्या आधी. नंतर एक अक्षरही बदलू नका. वाचक मागं जाऊन पडताळतो, माझ्याकडची म्हातारी माणसं भिंगानं पडताळतात तसा.

विषप्रयोग, हेर, खोटी पत्रं यावर मी फार बोलणार नाही. एका कादंबरीत एकदाच वापरा. दुसऱ्यांदा वाचक जेवणाच्या ताटाकडेच बघत बसतो.

वचनाला जागणाऱ्या राजाला मात्र वेळ द्या. तो कशामुळं असा आहे? कालिंदीसमोरचा माझा राजा भानुजित तरुणपणी एकदा शब्दाला फिरला होता, आणि त्यामुळे एक गाव जळालं. म्हणून तो आता जागतो. स्वभावानं नव्हे, भीतीनं. नदी वळल्याची खबर आली तेव्हा त्याच्या सेनापतीनं विचारलं, "महाराज, आपणही शब्द फिरवायचा का?" पुढचं पान मी अकरा वेळा लिहिलं. बाराव्यांदा त्याला बोलायलाच लावलं नाही. तो उठून कोरड्या पात्रात उतरतो आणि गोटे मोजत पलीकडे चालत जातो, एकटा, कारण त्याच्या स्वतःच्या शपथेत फक्त सैन्याचा उल्लेख आहे.