पोटातल्या एच. पायलोरीची टेस्ट, नळी न घालता

आमच्या रत्नागिरीकडे पोटात जळजळलं की कोकम सरबत नाहीतर पित्ताची गोळी, आणि वर्षं निघून जातात. पण दुखणं सारखं परत येत असेल तर एच. पायलोरी जंतू आहे का ते डॉक्टरना विचारून तपासून घ्याच, एंडोस्कोपीशिवाय (घशातून नळी घालून पोट बघतात ती) होतं.

श्वासाची टेस्ट चांगली. उपाशीपोटी जायचं, एका पिशवीत फुंकायचं, मग युरिया घातलेलं पाणी प्यायचं आणि साधारण अर्ध्या तासाने परत फुंकायचं, जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खूण लावलेला कार्बन श्वासात येतो.

ही सोय जवळ नसेल तर शौचाची अँटीजेन टेस्ट (शौचात जंतूचे अंश शोधणारी) सांगा. डबी लॅबमधूनच आणा, त्यात पाणी किंवा लघवी जाऊ देऊ नका, आणि आपल्याकडच्या उकाड्यात एसटीने न्यायची असेल तर बर्फाच्या पिशवीत ठेवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: या दोन्ही टेस्टच्या आधी पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवी, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं. गोळी डॉक्टरना विचारूनच थांबवा हां.

रक्ताच्या अँटीबॉडी टेस्टवर मात्र विसंबू नका, जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह राहते.

शौचाला काळं होत असेल, उलटीत रक्त असेल किंवा वजन उतरत असेल तर थेट डॉक्टरकडे, तिथे एंडोस्कोपीच लागते.