वर्गाचा अभ्यास फोनवर टाकताय? मग एकही पोट्टा सुटू नये म्हणून हे करा

शाळा उघडली रे उघडली की ग्रुप बनतो, कोणतं तरी ॲप ठरतं आणि लिंक पडायला लागतात. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई असते हे कबूल, पण ॲप ठरवायला आठ-दहा दिवस थांबा, काही बिघडत नाही. आधी एक कागद घ्या आणि एकेका पोराला बाजूला बोलावून विचारा.

"घरी स्मार्टफोन आहे का" असं भर वर्गात विचारू नका, सगळेच हात वर करतात, लाज वाटते ना त्यांना. एकेकट्याला विचारायचं ते असं, फोन कोणाचा आहे, तो माणूस घरी किती वाजता येतो, आल्यावर फोन आधी कोणाच्या हातात जातो, रिचार्ज संपला की लगेच मारतात का पगार होईपर्यंत थांबतात, मेमरी फुल दाखवतो का. एवढ्या पाच प्रश्नांत वर्गाचं खरं चित्र समोर येतं. आमच्या नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या बापाचा फोन रात्री उशिरा घरी येतो, कळमना मार्केटात पहाटे हमालीला निघणाऱ्याचा फोन पोरगं उठायच्या आधीच गेलेला असतो, आणि घरात भाऊ-बहीण दोघं शिकत असतील तर पोरीच्या हातात फोन सगळ्यात शेवटी येतो, तोवर बॅटरी बी संपलेली असते आणि दिवसाचा डेटा बी. मग चार वाजता लिंक टाकून सहापर्यंत फॉर्म भरा म्हणणं म्हणजे त्या पोरीला वर्गाबाहेर उभं करणं आहे, आणि हे मी मनापासून सांगतोय, आपल्याला ते दिसत पण नाही कारण ग्रुपवर तीस जणांचे अंगठे आलेले असतात.

तर नियम एकच धरा. वर्गात सगळ्यात अडचणीचा फोन ज्याच्या घरी आहे त्याला जमेल असा अभ्यास आधी बनवा, बाकीच्यांना तो चालतोच. मुदत कमीत कमी दोन रात्रींची ठेवा. लाईव्ह क्लास घेतलाच तर त्यात नवीन काही शिकवू नका, फक्त शंका घ्या, म्हणजे जो आला नाही त्याचं नुकसान होत नाही.

डेटाचं गणित साधं आहे. पाच मिनिटांचा व्हिडिओ फोनच्या कॅमेऱ्यातून तसाच काढला तर शेकडो एमबी होतो, तेच पाच मिनिटांचं समजावणं व्हॉईस नोटमध्ये साधारण एक एमबीत बसतं. म्हणून समजावणं आवाजात, आकृती एका फोटोत, आणि व्हिडिओ अगदी लागेल तेव्हाच. यूट्यूबची लिंक दिली तर क्वालिटी १४४पी वर कशी न्यायची हे एकदा वर्गात हातात फोन घेऊन दाखवा, सांगून होत नाही. लॉगिनला ओटीपी मागणारं ॲप शक्यतो नकोच, ओटीपी बापाच्या फोनवर जातो आणि बाप साईटवर असतो, पोरगं घरी शेजाऱ्याच्या फोनवर थांबून राहते. २०१७ मध्ये आलेलं सरकारचं दीक्षा ॲप लॉगिन न करता पण बघता येतं, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धडा येतो आणि डाउनलोड करून ठेवला की नंतर नेट लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ पण फुकट मिळतात. या दोन गोष्टी असताना आठवीच्या पोराला पैशाचं ॲप घ्यायला लावू नका.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. माझ्या वर्गात एक पोरगी आहे, तिला दिसत नाही, आईचा अँड्रॉइड फोन टॉकबॅकवर वापरते. टॉकबॅक म्हणजे फोनमध्येच असलेली सोय, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करायची, बोट ठेवलं की तिथे काय लिहिलंय ते फोन बोलतो आणि दोनदा टॅप केलं की उघडतो. तिच्या शेजारी बसून मी आमचाच ग्रुप ऐकला. फळ्याचा फोटो, वहीच्या पानाचा फोटो, नोटिशीचा फोटो, आणि फोन नुसता "फोटो, फोटो, फोटो" म्हणत चालला होता. अख्ख्या आठवड्याचा गृहपाठ तिच्यासाठी एवढाच. म्हणून फोटो टाकला की खाली दोन ओळी टाईप करा, टाईप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, तो लिहितो.

पीडीएफची भानगड याहून मोठी आहे. आपल्या शाळांमध्ये प्रश्नपत्रिका अजून कृतिदेव नाहीतर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतात. डोळ्याला ते छान मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा असतो आणि टॉकबॅक तोच वाचतो. तपासायचं कसं, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीच आली तर युनिकोड आहे, म्हणजे ती अक्षरं फोनला पण मराठीच कळतात, पाठवा. चिवडा आला तर ऑपरेटरला युनिकोडमध्ये टाईप करायला सांगा, आणि ओळ सिलेक्टच होत नसेल तर तो स्कॅन केलेला फोटो आहे, तो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडला की मजकूर बऱ्यापैकी निघतो, चुका मात्र स्वतः वाचून दुरुस्त करा, आकडे तर नक्की तपासा. शाळेत कॉम्प्युटर असेल तर एनव्हीडीए टाका, टॉकबॅकसारखंच स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मराठी वाचते.

यावर कोणी "एका पोरीसाठी एवढं?" म्हणालं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेने गरजेप्रमाणे सोयी करून देणं त्यात लिहिलेलं आहे, आणि १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं ते यात २१ झालं, अध्ययन अक्षमता पण त्यात आली. म्हणजे जे पोट्टं वाचताना अडखळतं आणि आपण आळशी म्हणून सोडून देतो, त्याचाही हक्क आहे. त्याला धडा आवाजात द्या, उत्तर पण आवाजात घ्या.

ज्याला ऐकू येत नाही त्याला व्हॉईस नोट कामाची नाही हे उघड आहे, त्याला तेच लिहून द्या. वर्गात गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राइब चालू करून फोन टेबलावर ठेवला तर बोललेलं मराठी स्क्रीनवर उमटतं, गोंगाटात चुकतं पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

भाषेचं तर नागपुरात विचारूच नका. मोमिनपुऱ्याची पोरं उर्दू वाचतात, बांधकामावर छत्तीसगडहून, बालाघाटकडून आलेल्यांची पोरं घरी वेगळंच बोलतात, देवलापारकडे गोंडी आहे, शहरातल्या कोष्टी वस्त्यांत म्हाताऱ्या अजून हलबी बोलतात. सगळ्या भाषांत साहित्य बनवणं एका मास्तराच्या हातचं नाही, पण सूचना तरी मराठी आणि हिंदी दोन्हीत बोलून पाठवा, आणि ती भाषा येणाऱ्या मोठ्या वर्गातल्या पोराकडून अवघड शब्द त्यांच्या बोलीत रेकॉर्ड करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. लहान वर्गांना वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग द्या, मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही आहेत आणि गोष्टी उतरवून ठेवल्या की नेटशिवाय चालते.

ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांची नावं कागदावर वेगळी काढा आणि त्यांना दर सोमवारी झेरॉक्स द्या, चुपचाप, सगळ्यांसमोर नाही. उत्तर नागपुरात बऱ्याच बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात, तिथल्या कार्यकर्त्यांशी बोला, तासभर एक फोन किंवा टीव्ही मिळाला तरी चार-पाच पोरांचं भागते. जोड्या लावून "याच्या फोनवर तू बघ" असं मात्र परस्पर ठरवू नका, दोन्ही घरच्यांना आधी विचारा, पोरींच्या बाबतीत तर नक्कीच.

ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात हे पण लक्षात असू द्या, नववी-दहावीच्या पोरींना रात्री कोणाकोणाचे मेसेज येतात आणि मग घरचे फोनच काढून घेतात, अभ्यास तिथेच थांबला. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, त्यात मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो आणि एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचत नाही. नव्या ॲपवर पोरांची माहिती भरायची झाली तर पालकांची परवानगी घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी तशी तरतूद आहे.

आणि तो पहिला कागद फेकू नका. दिवाळीनंतर पाचही प्रश्न पुन्हा विचारा, तोवर कोणाचा फोन फुटलेला असतो, कोणी गावी निघून गेलेलं असतं, कोणाकडे नवीन आलेला असतो, यादी बदललेलीच सापडेल.