चवथीआधी मेरेवरची उंदरांची बिळं बुजवा

ज्योती भात पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) यायला लागलं आणि चवथही, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली. दरवर्षी नेमक्या याच पंधरवड्यात मेरेकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, कोणी फिरकत नाही. पाहुणे गेल्यावर जावं, तर कुणग्याच्या (भाताच्या खाचराच्या) मधोमध टक्कल पडलेलं. उंदीर कडेचं भात सोडून आतलं कापतो, त्यामुळे मेरेवर उभं राहून काही कळत नाही. आत उतरा. दांडा तिरका तुटलेला आणि मेरेच्या पोटाला ताज्या मातीचा ढीग दिसला की समजा.

आज संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उघडी दिसतील, औषध फक्त त्यांत. एवढं एक काम टाळून लोक महागड्या वड्यांची पाकिटं आणून मेरभर फेकतात. दुकानदाराचा गल्ला भरतो, उंदीर ढिम्म.

शिफारस अशी: दोन दिवस नुसती तेल लावलेली कणी. तिसऱ्या संध्याकाळी कणी 96 भाग, गोडेतेल 2, झिंक फॉस्फाईड 2. दर बिळात 10 ग्रॅम. झिंक फॉस्फाईड हे विष, त्यावर उतारा नाही, काठीनेच कालवा. पहिल्या दोन दिवसांच्या कणीत सोड्यांचा चुरा घातला तर उंदीर लवकर लागतो, हा माझा अनुभव, पुस्तकात नाही.

मेलेले उंदीर पाटात भिरकावू नका. फावड्याने उचला, खोल पुरा. 1896 साली मुंबईत प्लेग उठला तो मांडवीला, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवलं. तोवर लोक घरं टाकून गावोगाव पांगले होते. पुढच्या तीसेक वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

आज आपल्याकडे धास्ती लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप). उंदराचं मूत कुणग्याच्या पाण्यात, आपल्या पायाला चीर. ताप आणि पोटऱ्यांत कळ आली तर गोळी घेऊन झोपू नका. आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरलो होतो हे आधी सांगा.

बाकी कामं:
- कुणग्यात पाणी 5 सेंमी
- मेरेवरचं गवत कापणं
- माडाच्या खोडाला पत्रा

खाजनवाल्यांनी (खाडीकाठची बांध घातलेली शेती असणाऱ्यांनी) मानशीजवळचा, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळचा, बांध आधी बघावा. तिथलं एक बीळ राहिलं तर भरतीचं खारं पाणी आत येतं.

आठवड्याने बिळं पुन्हा बुजवा. उघडी सापडली तर झिंक फॉस्फाईड नको, एकदा थोडं खाऊन चटका बसलेला उंदीर त्याला पुन्हा तोंड लावत नाही. तेव्हा ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाची 0.005 टक्क्यांची वडी, तीही बिळातच.